नववी पायरी, सांभाळून

८ फेब्रुवारी, रविवार

ही वही थंडरावांनी दिली. "काका, घर बघायला कोण आलं, काय म्हणालं, सगळं लिहीत चला. चार महिने झाले, एक गिऱ्हाईक टिकत नाही. कुठे बिनसतंय ते कळायला हवं ना." थंडराव हे काही त्यांचं खरं नाव नाही. ते घरविक्रीचे एजंट. दर खेपेला "बाजार थंड आहे" एवढं सांगतात आणि चहा पिऊन जातात, म्हणून हिने फोनवरच त्यांना हे नाव बहाल केलं.

ही म्हणजे माझी बायको. सध्या लेकीकडे आहे, इथून बसने सहा तासांवर. ऑगस्टमध्ये जिन्यावरून पडली, खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जिना बंद केला, आणि आमची निजायची खोली, न्हाणीघर, सगळं वरच्या मजल्यावर. लेकीच्या दोन खोल्यांत ते तिघं, त्यात ही. मी गेलो तर उभ्याने झोपावं लागेल. शिवाय घर दाखवायला इथे कुणीतरी हवंच. लेकीच्या समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एक लहानसं घर आहे. मालक भला माणूस, जूनअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. हे विकायचं, ते घ्यायचं आणि दोघांनी तिथे राहायचं. लिहायला चार ओळी लागल्या, व्हायला किती दिवस लागणार कोण जाणे.

आज आलेले: एक जोडपं. नवऱ्याच्या हातात टेप. त्याने घर पाहिलंच नाही, नुसतं मोजलं. बाईंना खिडक्या आवडल्या. मी म्हटलं, खिडक्या मी केल्यात, दारं, कपाटं, जिनाही मीच केलाय, चाळीस वर्षं सुतारकाम केलं. पण ही पश्चिमेची खिडकी जोराच्या वाऱ्यात शिट्टी घालते, ते सांगून ठेवतो. मग वर नेताना सवयीने ओरडलो, "नववी पायरी, सांभाळून!" बाई दचकून कठड्याला चिकटल्या.

खाली आल्यावर थंडरावांनी विचारलं, "नववीला काय झालंय?" काही नाही म्हटलं. जोडपं "कळवतो" म्हणून गेलं.

११ फेब्रुवारी

नववीचं लिहून ठेवतो, नाहीतर थंडराव पुन्हा विचारत बसतील.

जिना चौदा पायऱ्यांचा. मी तो बसवत होतो तेव्हा हिला आठवा महिना होता आणि आम्ही भाड्याच्या खोलीतून निघायची घाई करत होतो. तेरा फळ्या तासून झाल्या आणि चौदावीला लाकूड संपलं. कोपऱ्यात एका दुसऱ्या कामातली फळी उरली होती, ती बाकीच्यांपेक्षा बोटभर जाड. म्हटलं, तूर्त हीच ठोकू, महिन्याभरात बदलतो. ती नवव्या जागी बसली आणि बसलीच. त्याला चौतीस वर्षं झाली.

पहिल्या वर्षी सगळे तिच्यावर अडखळले. मग पायांना कळलं. घरातल्या माणसाला विचार करावा लागत नसे, पाऊल आपोआप बोटभर वर उचललं जायचं आणि उतरताना बोटभर आधी टेकायचं. पाहुणा जिन्याला लागला की खालून कुणीतरी ओरडायचं, "नववी पायरी, सांभाळून!" लेक बोलायला शिकली तेव्हा तिच्या पहिल्या दहा शब्दांत "नववी" होता. माझ्या धंद्यातले दोस्त यायचे तेव्हा ही मुद्दाम मोठ्याने ओरडायची, आणि मग मला त्यांची टिंगल दिवसभर ऐकावी लागायची. दुसऱ्यांच्या घरी केसाइतका फरक चालू न देणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात हे असं.

ऑगस्टमध्ये दवाखान्याच्या व्हरांड्यात लेक मला म्हणाली, "शेवटी त्या नववीनेच घात केला. एक पायरी बदलायला किती वेळ लागतो हो बाबा? सुतार ना तुम्ही?" जावई तिला गप्प करायला लागला. मी मूग गिळून बसलो.

हे थंडरावांना वाचायला द्यायचं नाही. त्यांना वेगळ्या कागदावर यादी करून देईन.

१५ फेब्रुवारी, रविवार

आलेले: कुणी नाही.

संध्याकाळी सातला हिचा फोन. रोज सातलाच येतो. काय जेवलात, गॅस बंद केला का, तुळई करकरते का अजून. वॉकर धरून आज स्वयंपाकघरापर्यंत गेली म्हणे. मी म्हटलं, शाबास. शेवटी नेहमीप्रमाणे, "बाकी काय?" मी म्हटलं, "बाकी काही नाही." मग ती जराशी थांबते आणि "बरं, ठेवते" म्हणते.

फोन ठेवल्यावर पाहिलं तर ओट्यावर दोन कप काढून ठेवले होते. सहा महिने झाले, हात अजून ऐकत नाही.

१ मार्च, रविवार

आलेले: एक जाडे गृहस्थ, एकटेच. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावत होते. मी म्हटलं, "आत कुणी नाही." हसले नाहीत. मी त्यांना मोरीचा उतार दाखवला, तो किंचित उलटा आहे. छपराचा कोपरा दाखवला, तिथे दोनदा गळलं होतं. मागच्या खोलीत, जिथे माझं कामाचं टेबल आहे, तिथे हिवाळ्यात फरशी ओलसर होते, तेही सांगितलं. आणि वर जाताना पुन्हा तोंडातून गेलं, "नववी पायरी..."

ते गेल्यावर थंडराव चिडले. त्यांना चिडलेलं मी प्रथमच पाहिलं. "काका, जगातलं सगळं खरं सांगायचा मक्ता तुम्हीच घेतलाय का? विचारलं तर सांगा ना!"

"खोटं बोलून मी घर विकणार नाही."

"खोटं कोण बोला म्हणतंय? आणि त्या नववीचं काय? आणा इकडे तो टेप." माझ्या टेबलावरून टेप उचलून ते जिन्यावर चढले आणि एकेक पायरी मोजत गेले. वरून ओरडले, "चौदाच्या चौदा सारख्या आहेत! एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही! मग कशाला लोकांना घाबरवता?"

मी म्हटलं, चहा गार होतोय.

१२ मार्च

काही घडलं नाही, तरी लिहितोय. आता सवय लागली.

दुपारी चारच्या सुमाराला वरच्या खोलीत पश्चिमेकडून ऊन येतं आणि तिच्या बाजूच्या उशीवर पडतं. मी हे आठवणीवरून लिहितोय, कारण मी खालीच झोपतो. मागच्या खोलीतल्या लाकडी बाकावर अंथरूण घातलंय. एकट्या माणसाने कशाला उगीच वर-खाली करायचं? वरचं न्हाणीघर सोडून मी अंगणातल्या नळावर आंघोळ करतो. लेकीला कळलं तर बोलेल.

हिची आठवण येते. हे असं लिहिल्यावर बरं दिसत नाही, पण येते. ती घरात असताना आम्ही दिवसभरात फार बोलायचो असंही नाही. ती निवृत्त परिचारिका. सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं वॉर्ड सांभाळला. मी रंधा मारत असलो की ती दारात उभी राहून भुसा पायाने एका बाजूला सारायची, तेवढंच. आता भुसा पडेल तिथेच असतो.

वॉर्डाच्या गोष्टी मात्र रंगवून सांगायची. फेरी संपवताना ती प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारायची, "बाकी काय?" ताप किती, जेवला का, हे डॉक्टर विचारतात. पण खरं दुखणं माणूस शेवटी सांगतो, तेही त्याला वाटलं तर, त्याच्या तोंडून ओढून काढायचं नसतं, असं म्हणायची. आता घरच्यांनाही तसंच विचारते. जुनी खोड, जाता जात नाही.

४ एप्रिल

घर विकलं गेलं होतं. तीन दिवसांसाठी.

एक तरुण जोडपं, दोघंही शाळेत शिकवतात. एका फेरीतच घराच्या प्रेमात पडले. बाईंनी कपाटाचं दार चारदा उघडलं आणि मिटलं, नुसतं ते कसं मिटतं ते बघायला. मला भरून आलं. मंगळवारी त्यांनी होकार कळवला. मी हिला सांगितलं, लेकीला सांगितलं, लेकीने समोरच्या मालकाला सांगितलं. ही फोनवर म्हणाली, "म्हणजे आता येणार तुम्ही." प्रश्न नव्हता तो. नुसतं स्वतःशी म्हणून बघितलं.

शुक्रवारी ते दोघं पुन्हा पडद्यांची मापं घ्यायला आले. थंडराव नव्हते. मी त्यांना बसवून चहा दिला आणि मनात आलं, या लेकरांना फसवायला नको. मोरी, छप्पर, ओल, शिट्टी, सगळं सांगितलं. गल्लीच्या टोकाला रस्ता रुंद करायची एक जुनी योजना होती, ती बारा वर्षांपूर्वी बारगळली, तीही सांगितली. आज थंडरावांच्या फोनवर त्यांचा नकार आला.

"बारा वर्षांपूर्वी मेलेली योजना तुम्ही उकरून काढलीत काका. तुम्हाला विकायचंय का घर? एकदा खरं काय ते सांगा."

विकायचंय म्हणूनच तर पाटी लावलीय ना दारावर!

लेकीचा फोन आला. ती ओरडली नाही, तेच वाईट. म्हणाली, "आई जेवली नाही आज." मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला आमच्याकडे यायचंच नाहीये का?"

असं कसं विचारते पोर. मी रोज सातची वाट बघत दिवस काढतो.

संध्याकाळी हिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. वॉकर सोडून काठी घेतली म्हणे. मग, "बाकी काय?" बाकी काही नाही, म्हटलं. आज ती नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. मला वाटलं फोन कटला.

१९ एप्रिल, रविवार

आलेले: कुणी नाही. बाजार थंड.

हिने तिची राखाडी शाल मागितली, कुरियरने पाठवायला. वरच्या कपाटात आहे. महिन्याभरात प्रथमच वर गेलो. आठ पायऱ्या चढलो, मग कठडा धरून आठवीवरून थेट दहावीवर पाय टाकला. या वयात असे उद्योग करू नयेत, गुडघ्यात कळ आली.

खोलीत तिचा वास अजून आहे, साबणाचा आणि दवाखान्यातल्या त्या औषधाचा, जो निवृत्तीनंतरही गेला नाही. पलंगाच्या कडेला तिचा चष्मा. तो जुना, नंबर बदललेला, म्हणून नेला नसेल. मी तो लावून बघितला. सगळं अंधुक. तसाच पलंगावर बसून राहिलो. चार वाजले, ऊन उशीवर आलं, आणि मी रडलो. बऱ्यापैकी रडलो. हे घर सोडून जावंसं मला वाटत नाही आणि तिच्यावाचून इथे राहवतही नाही. तिच्यासकट हे घर असं काही आता मिळणार नाही, हे मला पुरतं कळतं. थंडरावांना वाटतं कळत नाही.

उतरतानाही दहावीवरून आठवी. शाल गुंडाळून हातात होती, समोरचं दिसत नव्हतं.

१० मे, रविवार

लेकीच्या समोरच्या घराच्या मालकाने निरोप पाठवला: जूनअखेर म्हणजे जूनअखेर. त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय. बाजार तिकडे थंड नाही वाटतं.

थंडरावांनी आज पाटी पुसली, नवा रंग मारला आणि मला बजावलं, "पुढच्या वेळी तुम्ही मागच्या खोलीत बसायचं. तोंडात सुपारी धरा, खिळे धरा, काहीही धरा."

२४ मे, रविवार

सगळं नीट लिहून काढतो.

सकाळी थंडराव एका बाईंना घेऊन आले. चाळिशीच्या, हातावर भाजल्याचे जुने डाग. गल्लीपलीकडच्या बेकरीच्या मालकीणबाई. पहाटे तीनला भट्टी पेटवतात, म्हणून जवळचं घर हवं. बरोबर त्यांचे वडील होते. उंच, सडसडीत म्हातारा, लेकीच्या खांद्यावर दोन बोटं ठेवून चालणारा. डोळे उघडे, पण दोन वर्षांत नजर जवळजवळ गेली.

मी ठरल्याप्रमाणे मागच्या खोलीत बसलो. तोंडात काही नव्हतं, पण दात घट्ट मिटले होते. बाहेर बाई म्हणत होत्या, घर चांगलं आहे, पण सगळं बाबांच्या पायांवर आहे. आताच्या भाड्याच्या घरात जिन्याच्या पायऱ्या वेड्यावाकड्या, ते दोनदा पडले. म्हातारा म्हणाला, "मला जिना दाखवा. बाकी तू बघ."

मग चपला काढल्याचा आवाज आला आणि जिन्यावर अनवाणी पावलं. एक. दोन. तीन. फार हळू. प्रत्येक पायरीवर तो तळवा इकडून तिकडे फिरवत असावा. मी मोजत होतो. आठ झाली. ओरडायचं तोंडावर आलं होतं, गिळलं. नऊ. तिथे तो थांबला. खूप वेळ थांबला. मग चौदापर्यंत गेला, परत उतरला, आणि नववीवर पुन्हा थांबला.

"हा जिना ज्यांनी केला ते आहेत का घरात?"

थंडरावांचं धाबं दणाणलं असणार. मी बाहेर आलो.

"हात चांगला आहे तुमचा," म्हातारा माझ्या आवाजाच्या दिशेने म्हणाला. "सगळ्या सारख्या. पण तेरा पायऱ्या मधे झिजल्यात. माणसं चालून चालून खोलगट झाल्यात. नववी सपाट आहे. नववी नवी आहे."

"हो," मी म्हटलं.

"कधी बदलली?"

"ऑगस्टमध्ये."

"का?"

आणि मी सांगितलं. नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाला, थंडरावांच्या देखत, भट्टीवाल्या बाईंच्या देखत, मी सगळं सांगून टाकलं.

ऑगस्टमध्ये ही आठ दिवस लेकीकडे गेली होती. घरात एकटाच होतो, हाताला काम नव्हतं, आणि माझ्या मनात आलं, चौतीस वर्षांची लाज आता धुऊन टाकू. जाड फळी काढली, नवी तासली, गुण्या लावून, काटकोन तपासून बसवली. सांध्यात नख शिरणार नाही अशी. आणि मुद्दाम कुणाला सांगितलं नाही. ही परत आल्यावर एक-दोनदा चढेल-उतरेल, मग मधेच थांबून विचारेल, "अहो, आज जिना वेगळा का वाटतोय?" आणि मग मी मिशीत हसत सांगीन. ती ज्या दिवशी आली त्या दिवशी फार दमली होती, कठडा धरून हळू हळू चढली. दुसऱ्या दिवशी सकाळी चादरींच्या घड्या दोन्ही हातांत घेऊन उतरली. समोरचं दिसत नव्हतं, पण तिला दिसायची गरज काय? पावलांना पाठ होतं. नववीवर तिने पाऊल बोटभर आधी टेकवलं आणि तिथे काही नव्हतं.

मी खाली उभा होतो. ती विचारेल म्हणून वाट बघत उभा होतो.

म्हाताऱ्याने हात पुढे केला, मी तो धरला. मग लेकीला म्हणाला, "घेऊ हे घर. इथे काही लपवलेलं नाही."

मला मान वर करवेना.

२५ मे

थंडराव सकाळी एकटेच आले. बाजाराचा विषय काढला नाही. चहा त्यांनीच केला. जाताना म्हणाले, "काका, काकूंना माहितीये का?" मी नाही म्हटलं. ते "हं" म्हणाले आणि गेले.

आता सहा वाजलेत. आणखी एक तास.

२६ मे

काल सातला फोन आला. घराचं सांगितलं. ती खूश झाली, मग विचारलं, "तो म्हातारा पश्चिमेच्या खिडकीत बसेल ना? त्याला ऊन लागेल तिथलं." मी हो म्हटलं. गॅस, तुळई, जेवण, सगळं झालं.

"बाकी काय?"

"बाकी आहे," मी म्हटलं.

तिने पलीकडे कुणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलं. मग मी बोललो. म्हाताऱ्याला सांगताना सोपं गेलं होतं, इथे दर वाक्यापाशी अडत होतो. माझं संपल्यावर ती म्हणाली, "झालं सांगून?"

"झालं."

"मला पडतानाच कळलं हो. चौतीस वर्षं जिथे पाय टेकला, तिथे फळीच नव्हती. आणि स्ट्रेचर येईपर्यंत मी खालून तीच तर बघत होते. नवी कोरी. किती नीट बसवली होतीत."

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? तुमचं होतं ते. रोज विचारत तर होते."

रोज विचारत होती. नऊ महिने, सात वाजता. आणि मी ती खोड समजत होतो.

"लेकीला तरी सांगायचंस. ती मला बोल लावते, पायरी बदलली नाही म्हणून."

"तिला काय सांगू? बदलली नाही म्हणून चिडू नकोस, बदलली म्हणून पडले, असं?" आणि ती हसली. हसता हसता रडायला लागली, आणि मीही. दोन म्हातारी माणसं फोनवर रडतायत, आणि पलीकडे जावयाने टीव्ही बंद करून श्वास धरलाय.

"रागावली होतीस?" मी विचारलं.

"पायरीसाठी एक दिवसही नाही. गप्प बसलात त्यासाठी फार. मला वाटायला लागलं होतं, तुम्ही मुद्दाम घर विकत नाही. माझ्यासमोर यायला नको म्हणून." मग म्हणाली, "आता विका आणि या. मला कंटाळा आलाय तुमची वाट बघून."

मी उठलो आणि जिना चढून वर गेलो. नववीवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिलो. चांगली बसलीय, पक्की आहे. मग वर आमच्या पलंगावर माझ्या बाजूला झोपलो.

२० जून

सह्या झाल्या. लेक तिला गाडीने घेऊन आली होती, सकाळी आली, दुपारी परत न्यायची. ही काठी टेकत अंगणातून आली, दारापाशी थांबली, चौकटीवर हात फिरवला. मग जिन्यापाशी जाऊन पहिल्या पायरीवर बसली. वर जाते म्हणाली नाही. मान मागे टाकून वर बघत राहिली, आणि मी तिच्याशेजारी बसलो. लेक बाहेर गाडीपाशी थांबली, तिला हिने आदल्या दिवशी सगळं सांगितलंय. मला पाहिल्यावर ती नुसती येऊन बिलगली आणि माझ्या खिशातली पेन्सिल तिच्या गालाला टोचली.

"ती जाड फळी कुठाय?" हिने विचारलं.

मागच्या खोलीत, इतर लाकडांच्या मागे, तोंड भिंतीकडे करून उभी होती. मी काढून आणली. मधे चांगली खोलगट झालीय, आमच्याच पायांनी. तिने त्या खळग्यावरून तळहात फिरवला. म्हणाली, ही टाकायची नाही.

म्हाताऱ्याला किल्ली दिली. त्याने ती बोटांनी चाचपून खिशात टाकली, चपला काढल्या आणि वर गेला. पावलं नववीपाशी थांबली नाहीत. आम्ही निघालो तेव्हा पश्चिमेची खिडकी उघडल्याचा आवाज आला. मी मागे वळून बघितलं. हिने बघितलं नाही, पण माझा हात घट्ट धरला होता.

१६ जुलै

नव्या घरात पंधरा दिवस झाले. सगळं एका पातळीवर. उंबरासुद्धा नाही. जाड फळीचं खिडकीखाली बसायला बाक केलंय, खळगा वरच्या बाजूला ठेवून. ही त्या खळग्यात बसते.

इथे ऊन सकाळचं येतं, चारचं येत नाही. चार वाजले की आम्ही दोघंही एकदा खिडकीकडे बघतो आणि एकमेकांना सांगत नाही. आज मी सांगितलं, मला ते ऊन आठवतं. ती म्हणाली, "मलाही."

डॉक्टरांनी आजपासून काठी सोडून चालायला सांगितलंय, थोडं थोडं. खाटेपासून बाकापर्यंत चौदा पावलं होतात, मी आधीच मोजून ठेवलं होतं. मी बाकापाशी हात पसरून उभा राहिलो. ती निघाली. चेहरा घट्ट, नजर माझ्यावर. मी मनात मोजत होतो. आठवं पाऊल पडलं आणि ती थांबली. दुखलं का, चक्कर आली का, मी पुढे धावणार तेवढ्यात तिने हाताने थांबवलं.

"अहो," ती म्हणाली, "ओरडा की."

मी ओरडलो. सपाट फरशीवर तिने पाय बोटभर वर उचलला, आणि पुढे आली.